मलुतोंग की मकुनात? घरच्या फिलिपिनो जेवणातला कुरकुरीतपणा, टप्प्याटप्प्याने

फिलिपिनो घरात तळणीच्या पदार्थाला दोनच शेरे मिळतात. 'मलुतोंग' म्हणजे कुरकुरीत. 'मकुनात' म्हणजे वातड, सादळलेला. पहिला शेरा मिळावा म्हणून लोक आच वाढवतात, पिठात आणखी कॉर्नफ्लॉवर घालतात, तेलाचा ब्रँड बदलतात. तरीही लेचोन कवालीची (उकडून तळलेल्या पोर्कची) कातडी चपलेच्या तळव्यासारखी राहते, लुम्पिया (खिम्याचे बारीक स्प्रिंग रोल) दहा मिनिटांत मऊ पडतात आणि तुरोनवरची (केळ्याच्या गोड रोलवरची) साखर कागदाला चिकटून बसते. यातले बहुतेक घोळ पाण्याचे असतात. एकतर ते आधी काढलेले नसते, नाहीतर तळून झाल्यावर वाफेच्या रूपाने पुन्हा आत शिरू दिलेले असते.

म्हणून खालचे टप्पे पदार्थवार न लावता वेळेप्रमाणे लावले आहेत. रविवारी दुपारी पाच-सहा माणसांचे जेवण आहे असे धरा: लेचोन कवाली, लुम्पियांग शांघाय, उकोय (रताळे-कोळंबीची पातळ भजी), सुरुवातीला क्रोपेक (कोळंबीच्या चकत्या), सोबत अचारा (कच्च्या पपईचे लोणचे) आणि लसणाचा भात, शेवटी तुरोन. पहिल्याच खेपेला सगळे करायला जाऊ नका. लेचोन कवाली आणि अचारा, किंवा लुम्पिया आणि तुरोन अशी जोडी पुरे.

## सामान आणताना

पोर्क घेताना 'लिएम्पो' म्हणजे पोटाकडचा भाग घ्या, कातडीसकट. कातडी काढलेल्या तुकड्याची लेचोन कवाली होत नाही, नुसते तळलेले पोर्क होते. एक किलोचा सलग तुकडा, जाडी ४ ते ५ सेंटीमीटर, चरबी आणि मांस यांचे थर साधारण निम्मे-निम्मे. केस राहिले असतील तर दुकानातच भाजून खरवडून घ्या.

लुम्पियाची पारी पातळ हवी, आरपार हात दिसेल इतकी. आखाती शहरांतल्या फिलिपिनो किराणा दुकानांत ती गोठवलेली सहज मिळते. भारतात फ्रीझरमधल्या स्प्रिंग रोलच्या पाऱ्या चालतात, पण पाकिटातली सर्वांत पातळ निवडा. समोशाची पट्टी घेऊ नका. ती जाड असते आणि तिचा कुरकुरीतपणा वेगळ्या जातीचा असतो.

तुरोनसाठी फिलिपाइन्समध्ये 'साबा' केळी लागतात. आपल्याकडची राजेळी त्यांच्या सर्वांत जवळची. साल पिवळी, थोडे काळे ठिपके आलेले, पण दाबले तर घट्ट. वेलची किंवा रोबस्टा तेलात विरघळल्यासारखी होतात. दुसरे काहीच नसेल तर ती अर्धीकच्ची घ्या.

व्हिनेगर, म्हणजे 'सुका', हा या जेवणाचा कणा आहे. नारळाच्या ताडीपासून केलेला गोव्याचा माडाचा विनेगार इथे अगदी चपखल बसतो, कारण फिलिपाइन्समध्येही 'तुबा' नावाच्या माडाच्या ताडीपासूनच एक सुका करतात. बाटलीतले पांढरे सिंथेटिक व्हिनेगर नाकात जाते आणि मागे चव ठेवत नाही.

## टप्पा १: तीन दिवस आधी अचारा

कुरकुरीत म्हटले की फक्त तळण आठवते. पण फिलिपिनो ताटात तेलकट घासानंतर दाताखाली येणारा कच्चा करकरीतपणा तितकाच महत्त्वाचा आहे, आणि तो अचारा देतो.

लागेल ते: कच्ची पपई १ किलो, मीठ २ मोठे चमचे, गाजर १, ढोबळी मिरची १, आल्याचा ५ सेंटीमीटरचा तुकडा, लसूण ६ पाकळ्या, छोटे कांदे ६-८. पाकासाठी व्हिनेगर २ कप, साखर १ कप, मीठ १ चमचा.

पपई पूर्ण कच्ची हवी. कापल्यावर आत गुलाबी झाक दिसली तर ती भाजीत वापरा. हाताला तेल लावून साल काढा (चीक खाजतो), बिया काढा, उभे लांब किसून घ्या. मीठ चोळून दीड-दोन तास ठेवा. मग एकदा धुऊन सुती पंचात बांधून पिळा. श्रीखंडाचा चक्का बांधतो तेवढ्यावर थांबू नका. पंचाला पीळ द्या, हातात ताकद असेल तेवढी लावा. एक किलोचा किस जेमतेम निम्मा दिसला पाहिजे.

व्हिनेगर, साखर, मीठ एकत्र करून ४-५ मिनिटे उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. भाज्या बारीक उभ्या चिरून पपईत मिसळा, उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत दाबून भरा, वरून थंड पाक ओता. बरणी फ्रीजमध्ये ठेवा. तिसऱ्या दिवशी चव जमते.

चुकते कुठे: पाक गरम असतानाच ओतला की पपई शिजते आणि अचारा लोणच्याऐवजी कोशिंबिरीसारखा लोळतो. दुसरी चूक अर्धवट पिळण्याची. किसातले उरलेले पाणी पाक पातळ करते आणि आठवडाभरात करकर जाते.

## टप्पा २: आदल्या दिवशी पोर्क उकडणे आणि वाळवणे

या लेखातला सर्वांत मोठा टप्पा हाच, कारण लेचोन कवाली बिघडते ती इथे. 'कवाली' म्हणजे कढई. नाव ऐकून लोक सगळे लक्ष कढईवर ठेवतात आणि आदल्या दिवसाचे काम उरकून टाकतात.

### उकडणे

पोर्क सलग ठेवा, तुकडे करू नका. ते बुडून वर दोन बोटे पाणी राहील असे भांडे घ्या. दीड मोठा चमचा मीठ, २ तमालपत्रे, १ चमचा अख्खी मिरी, ठेचलेला एक लसणाचा गड्डा. उकळी आली की वरचा फेस काढा, आच मंद करा. पाणी खळखळता कामा नये, कडेने हळूहळू बुडबुडे यावेत. कातडी पाण्याबाहेर येत असेल तर वर छोटी ताटली दाबून ठेवा. खाली कातडी, वर मांस असे ठेवलेत तर कातडी बुडाला चिकटते आणि फाटते.

५० ते ६० मिनिटांनी पाहा.

तपासणी: काट्याचा चमचा कातडीत थोड्या दाबाने आरपार जातो का? आणि उचलल्यावर तुकडा आपला आकार धरून राहतो का? दोन्हींचे उत्तर 'हो' हवे.

काटा जात नसेल तर कातडीतला चिवट भाग अजून मऊ झालेला नाही. तो पाणी आणि मंद उष्णता मिळाल्यावरच मऊ होतो, तेलात नंतर होत नाही. अशी कातडी तळली की काचेसारखी कडक होते, दात दुखतात, फुलत मात्र नाही. उलट, दीड तास उकडली तर कातडी चरबीवरून घसरायला लागते आणि तळताना सुटून येते. प्रेशर कुकरमध्ये हे केव्हा घडले ते कळतही नाही, म्हणून या कामाला कुकर नको.

रस्सा टाकू नका. सूप किंवा भाजीला उपयोगी पडतो.

### वाळवणे

गरम असतानाच दोन सपाट झाऱ्यांनी उचलून जाळीवर ठेवा, कातडी वर. कोरड्या फडक्याने टिपा. कातडीवर चिकट बुळबुळीत थर दिसेल, तो सुरीच्या पाठीने अलगद खरवडा. मग जाड सुई किंवा काट्याच्या टोकाने कातडीभर जवळजवळ टोचे मारा. टोचे फक्त कातडीपुरते. मांसापर्यंत गेले तर तळताना तिथून रस वर येतो आणि तेल उडते.

कातडीवर अर्धा चमचा बारीक मीठ आणि एक चमचा व्हिनेगर चोळा. गार झाले की (बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको) जाळीसकट ताटात, न झाकता, फ्रीजमध्ये ठेवा. किमान ८ तास, रात्रभर ठेवल्यास उत्तम. फ्रीजची हवा कोरडी असते, ती हे काम करते. झाकण किंवा प्लास्टिक घातले की सगळी मेहनत पाण्यात गेली, अक्षरशः.

पावसाळ्यात पंख्याखाली वाळवण्याचा उद्योग करू नका. हवाच ओली असते, आणि मांस बिघडते ते वेगळेच.

तपासणी: सकाळी कातडीवर नखाने टकटक करा. सुकलेल्या आंबापोळीच्या कडेसारखी टणक आणि कोरडी लागली पाहिजे. बोटाला ओल किंवा चिकटपणा लागला तर पुन्हा टिपून दोन तास फ्रीजमध्ये.

## टप्पा ३: सकाळी लुम्पिया आणि लसूण

### लुम्पियांग शांघाय

५०० ग्रॅम पोर्कचा खिमा (अगदी बिनचरबीचा नको, कोरडा पडतो), गाजर १०० ग्रॅम, कांदा १०० ग्रॅम, लसूण ४ पाकळ्या, पातीच्या कांद्याची पात मूठभर, अंडे १, मीठ सव्वा चमचा, मिरपूड अर्धा चमचा. चिकनचा खिमाही चालतो.

गाजर आणि कांदा तांदळाच्या दाण्याएवढे बारीक चिरा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा. हा पिळा न काढणे ही लुम्पियातली पहिली चूक. कांद्याचे पाणी आतून पारीला ओले करते आणि बाहेरून कितीही तळलेत तरी रोल मऊच पडतो. सगळे मिसळून एक चमचाभर सारण तव्यावर परतून मीठ चाखा. रोल गुंडाळल्यावर मीठ दुरुस्त करता येत नाही.

पाऱ्या सुट्या करून ओलसर (ओल्या नव्हे) फडक्याखाली झाकून ठेवा. उघड्या राहिल्या की कडा तडकतात. पारीच्या आपल्याकडच्या कडेवर दीड सेंटीमीटर जाडीची सारणाची लांब ओळ घाला. करंगळीएवढी. हौसेने अंगठ्याएवढी केली तर आतले कच्चे राहते आणि पारी जळते. घट्ट गुंडाळा, आत हवेची पोकळी राहू देऊ नका. पोकळीत वाफ साठते, रोल फुटतो, सारण तेलात. शेवटची कड अंड्याच्या पांढऱ्याने किंवा मैद्याच्या पातळ खळीने चिकटवा, मग तीन भाग कापा.

ताटात सुटे मांडून एक तास फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेले रोल आकार धरतात आणि तळण्याआधी ते वितळू द्यायचे नसतात. बाहेर काढून ठेवले की त्यांच्यावर दव धरते, आणि ते दव तेलात काय करते ते ऐकूच येते.

### भातावरचा लसूण

सिनांगाग म्हणजे लसणाचा परतलेला भात, तो आदल्या रात्रीच्या शिळ्या भाताचाच करायचा. त्यावरचा लसूण मात्र वेगळा तळा. एक गड्डा सोलून एकसारखा बारीक चिरा, कापडावर टिपा. पाव कप थंड तेलात घालून मंद आचेवर ठेवा आणि हलवत राहा. फिकट पिवळा झाला, बुडबुडे कमी झाले की लगेच गाळा. तेलाबाहेर आल्यावरही तो आणखी एक छटा गडद होतो. कढईत हवा तसा सोनेरी दिसेपर्यंत थांबलात तर ताटात तो तपकिरी आणि कडू येतो. गाळलेले तेल भात परतायला वापरा. लसूण कोरड्या वाटीत ठेवा, भातावर वाढताना घाला.

## टप्पा ४: तेल

बिनवासाचे रिफाइंड तेल घ्या. खोल, जड बुडाची कढई, तेल एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, कारण पोर्क टाकल्यावर तेल जोरात वर येते. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर वापरा. नसेल तर लाकडी चमच्याचा कोरडा दांडा तेलात उभा धरा:

- दांड्याभोवती सावकाश, सुटे बुडबुडे: साधारण १५० ते १६० अंश सेल्सियस
- लगेच आणि सलग बुडबुडे: १७० ते १८०
- जोरात उसळी: १९० किंवा वर

धूर दिसला तर आच बंद करून थांबा. प्रत्येक घाण्यानंतर तेल पुन्हा तापायला एक-दोन मिनिटे द्या आणि झाऱ्याने चुरा काढा.

## टप्पा ५: तळण्याचा क्रम

क्रम असा: क्रोपेक, लुम्पिया, उकोय, लेचोन कवाली. तुरोन वेगळ्या छोट्या कढईत, सगळ्यात शेवटी. क्रोपेकला स्वच्छ तेल हवे. पोर्कची चरबी तेलात उतरते म्हणून ते नंतर. तुरोनची साखर तेलात जळते, ते तेल पुन्हा कशालाही चालत नाही. शिवाय पोर्कच्या तेलातले गोड केळे कुणी मागितलेले नसते.

### क्रोपेक

कोळंबीच्या स्वादाच्या वाळवलेल्या चकत्या. आपल्या पापड्या तळता येतात त्याला हे येते. तेल १९० च्या आसपास, एकावेळी चार-पाच, काही सेकंदांत फुलतात, फुलल्या की बाहेर. मध्यभागी कडक ठिपका राहिला तर चकती सादळलेली आहे किंवा तेल कमी तापले आहे. पाकीट जुने असेल तर चकत्या आधी दोन तास उन्हात घाला.

### लुम्पिया

तेल १६५. गोठलेले रोल एकेक सोडा, आठ-दहापेक्षा जास्त नको. ६ ते ८ मिनिटे मध्यम आचेवर, सतत फिरवत. घाईने १८० ला तळलेत तर तीन मिनिटांत रंग येतो आणि आत बर्फ राहतो. एक रोल मोडून पाहा, खिमा गुलाबी दिसता कामा नये.

बाहेर काढल्यावर ते आडवे पसरू नका. स्टीलच्या चाळणीत उभे ठेवा. तेल खालच्या टोकाने निथळते आणि रोलांच्या मधून वाफ निघून जाते. एवढ्या एका सवयीने लुम्पिया अर्धा तास जास्त टिकतात.

### उकोय

८-१० नगांसाठी: तांदळाचे पीठ अर्धा कप, कॉर्नफ्लॉवर अर्धा कप, मीठ १ चमचा, मिरपूड, बर्फाचे थंड पाणी १५० ते १८० मिलिलिटर. रताळे २५० ग्रॅम, लांब मोड आलेले मूग ('तोगे') १०० ग्रॅम, छोटी कोळंबी सालासकट १५० ग्रॅम. रंगासाठी शेंद्रीच्या बिया गरम पाण्यात चोळून निघालेले केशरी पाणी, हेच तिथले 'अत्सुएते'. ते एकूण पाण्यातच धरा आणि थंड करून वापरा.

कोळंबीच्या मिश्या आणि डोक्यावरचा काटा कात्रीने काढा, साल राहू द्या. साल हाच कुरकुरीत भाग आहे. करंदी उत्तम. कोकणातल्यांनी ओला जवळा जरूर वापरावा: फिलिपाइन्समध्ये 'आलामांग' म्हणतात ती बारीक कोळंबी याच कुळातली, आणि बागोओंग आलामांग नावाची खारवलेली चटणी तिचीच करतात. जवळा धुऊन चाळणीत निथळून कापडावर पसरा, नाहीतर पीठ पातळ होते. मोड उसळीसारखे आखूड नकोत, चार-पाच सेंटीमीटर लांब हवेत, आणि धुतल्यावर पूर्ण कोरडे.

रताळे किसू नका, काडीसारखे कापा. किसाला पाणी सुटते आणि त्याचा गोळा होतो. काड्यांमध्ये फटी राहतात, त्या फटीतून तेल फिरते, तिथेच जाळीदार कुरकुरीतपणा येतो.

पीठ आणि भाज्या तेल तापल्यावरच एकत्र करा. दहा मिनिटे आधी केले तर मीठ भाज्यांतले पाणी ओढून काढते. पीठ भज्यांपेक्षा पातळ, भाजीला जेमतेम चिकटेल इतके सरसरीत.

आता खरी हातोटी. हाताने किंवा चमच्याने सोडलेला उकोय गोळा होतो, मध्ये पिठूळ राहतो. एक छोटी बशी घ्या, तिला तेलाचा हात लावा. मिश्रण बशीवर ८-९ सेंटीमीटर रुंद आणि शक्य तितके पातळ पसरा, मध्ये भोके राहिली तरी चालेल. वर तीन-चार कोळंब्या दाबा. बशी तेलाच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ न्या, कड किंचित टेकवा आणि थर पुढे सरकवून सोडा. उंचावरून सोडलात तर तुटतो आणि तेल मनगटावर येते. चमच्याने वरून गरम तेल घाला म्हणजे कोळंबी चिकटते. १७५ ला पहिली बाजू अडीच-तीन मिनिटे, कडा कडक झाल्याशिवाय उलटू नका, दुसरी बाजू दोन मिनिटे. सगळे झाले की १८५ ला पुन्हा अर्धा मिनिट. ही दुसरी खेप ऐच्छिक वाटते, पण पाहुणे वीस मिनिटे उशिरा येणार असतील तर ती तुम्हाला वाचवते.

### लेचोन कवाली

पोर्क अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा, पुन्हा एकदा टिपा, ५ सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या करा.

पहिली तळणी: तेल १५५. पट्ट्या लांब चिमट्याने, कातडी तुमच्यापासून दूर ठेवून सोडा. वर लगेच तारेची जाळी ठेवा. जाळी नसेल तर झाकण तिरके, फट ठेवून. पूर्ण झाकले तर झाकणाखाली साठलेले पाणी थेंबाथेंबाने तेलात पडते, आणि कातडीपेक्षा तेच जास्त उडते. १२ ते १५ मिनिटे, मध्ये एकदा उलटा. उलटण्यापूर्वी आच बंद करा, उडणे थांबू द्या, मग जाळी उचला. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला आणि मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा.

बाहेर काढून जाळीवर १५-२० मिनिटे थांबा. या वेळात आतली ओल पृष्ठभागाकडे सरकते, आणि दुसरी तळणी तीच ओल उडवते. उत्तर लुझोनमधल्या इलोकोसची 'बागनेत' हीच युक्ती आणखी ताणते: पोर्क तळून, पूर्ण थंड करून, पुन्हा तळायचे.

दुसरी तळणी: तेल १९० ते १९५. कातडी खाली करून ३ ते ५ मिनिटे. मिनिटभरात कातडीवर बारीक फोड उठतात आणि ती पांढुरक्या फुगीर जाळीसारखी होते. फोड एकाच कोपऱ्यात आले तर पट्टी चिमट्याने धरून राहिलेला भाग तेलात बुडवा. फोड अजिबात आले नाहीत तर आणखी तळून काही होत नाही. टप्पा २ मध्ये कातडी कच्ची राहिली किंवा वाळली नाही. पुढच्या वेळी तिथे पाहा.

पाच-सात मिनिटे थांबून कातडी खाली ठेवून जड सुऱ्याने एका दमात तोडा. कातडी वर ठेवून सुरी घासलीत तर तिचा चुरा होतो आणि खालचे मांस चेपते.

### तुरोन

६ केळी, प्रत्येकाचे उभे दोन भाग. फणसाच्या कापा गऱ्याच्या पट्ट्या, कागदावर टिपलेल्या. ब्राउन शुगर पाऊण कप.

केळी साखरेत हलकेच घोळवा. आत साखर भरभरून घातली की ती पाक होऊन पारी फोडते. अर्धा कप साखर बाहेरच्या लेपासाठी राखून ठेवा. फणसाची पट्टी ठेवून लुम्पियासारखे गुंडाळा, दोन्ही टोके आत दुमडून.

छोट्या कढईत तीन-चार सेंटीमीटर तेल, १६५ ते १७०. तुरोन फिकट सोनेरी होऊ लागले की राखलेली साखर तेलावर भुरभुरा. ती आधी तळाशी जाते, मग वितळून चिकट होते. तुरोन त्यात फिरवत राहा, दोन-तीन मिनिटांत तांबूस चकचकीत लेप बसतो. गूळ वापरता येईल का, असे बरेच जण विचारतात. आपल्या गुळात ओल असते, तेल फसफसून वर येते. नकोच.

सावधान: वितळलेली साखर त्वचेला चिकटून भाजत राहते. चिमट्याशिवाय हात लावू नका, आणि 'एक चाखून बघू' पाच मिनिटांनी.

बाहेर काढून तेलाचा हात फिरवलेल्या स्टीलच्या जाळीवर, एकमेकांना न टेकता ठेवा. टिपकागद वापरलात तर तो कायमचा तुरोनचा भाग होतो. लेप पाच मिनिटांत कडक होतो आणि बोटाने टिचकी मारली की काचेसारखा वाजतो.

## टप्पा ६: वाढणे

सगळे नीट जमून इथे वाया घालवणारे पुष्कळ. झाकणाचा डबा, केसरोल, फॉइल यांतले काहीही नको. गरम तळण झाकले की स्वतःच्याच वाफेत भिजते. जाळीवर ठेवून ओव्हनमध्ये ९०-१०० अंशांवर, दार किंचित उघडे ठेवून, अर्धा तास थांबवता येते.

लेचोन कवाली गरम भातावर मांडू नका, वेगळ्या ताटलीत द्या. भाताची वाफ कातडीत शिरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. हाच नियम मुगाच्या 'मोंगो' वरणावर किंवा पालाबोकवर (कोळंबीच्या रसातल्या नूडल्सवर) घालायच्या चिचारोनच्या (तळलेल्या पोर्कच्या कातडीच्या) चुऱ्यालाही लागू: तो वाटीत टेबलावर ठेवा, ज्याने त्याने आपल्या घासापुरता घ्यावा.

सावसावान म्हणजे बुडवायचे पाणी: व्हिनेगर अर्धा कप, ठेचलेला लसूण ३ पाकळ्या, बारीक चिरलेला छोटा कांदा, २ तिखट मिरच्या, मीठ अर्धा चमचा, मिरपूड, हवा तर चमचाभर सोया सॉस. प्रत्येकाला वेगळी छोटी वाटी. वरून ओतायचे नाही. घास बुडवायचा, लगेच तोंडात. उकोयला तर फक्त कड बुडवा.

## उरले तर

लुम्पिया आणि लेचोन कवाली ओव्हनमध्ये १८० ला ८-१० मिनिटे, किंवा एअर फ्रायरमध्ये ५-६ मिनिटे. मायक्रोवेव्ह त्यांना मिनिटभरात मकुनात करतो. उकोय कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी. तुरोन त्याच दिवशी संपवा. दमट हवेत त्याची साखर संध्याकाळपर्यंत पाणी ओढते आणि चिकट होते.

दुसऱ्या दिवशीही कातडी परत जमली नाही, तर तिच्याशी झगडू नका. फिलिपिनो घरांत अशा पोर्कचे पाक्सिव करतात. अर्धा किलो तुकड्यांना पाणी १ कप, व्हिनेगर अर्धा कप, तमालपत्र, मिरी, ठेचलेला लसूण, चमचाभर सोया सॉस, दोन चमचे ब्राउन शुगर, आणि मिळाला तर लिव्हरचा तयार 'सारसा' अर्धा कप. सारसा सोडून सगळे एकत्र आचेवर ठेवा आणि व्हिनेगरला उकळी येऊन त्याचा उग्र वास जाईपर्यंत ढवळू नका, आधी ढवळले तर कच्ची आंबट चव राहते असे तिथे पक्के मानतात. मग सारसा घालून मंद आचेवर रस दाट होईपर्यंत २५-३० मिनिटे. फुललेल्या कातडीत रस स्पंजसारखा शिरतो. हे गरम भातावरच घ्यायचे.